पालक प्रोसेस थांबवल्यावर मागे राहिलेल्या प्रोसेसची वंशावळ कमांड लाइनवरून कशी पाहावी?

प्रश्न

नमस्कार. एका फोल्डरमधील व्हिडिओ लहान आकारात बदलण्यासाठी मी बॅशमध्ये एक स्क्रिप्ट लिहिली आहे. ती प्रत्येक फाइलसाठी ‘एफएफएमपेग’ अँपरसँड लावून पार्श्वभूमीत सुरू करते आणि शेवटी ‘वेट’ वर थांबून सर्व रूपांतरे पूर्ण होण्याची वाट पाहते. काल काम अर्ध्यावर असताना सेटिंग चुकीची दिल्याचे माझ्या लक्षात आले, म्हणून दुसऱ्या टर्मिनलमधून मी स्क्रिप्टच्या पीआयडीला (प्रोसेसच्या ओळखक्रमांकाला), म्हणजे ४१२० ला, साधा ‘किल’ दिला. स्क्रिप्ट तत्काळ संपली, परंतु प्रोसेसरवरील भार तसूभरही कमी झाला नाही.

‘पीएस एयूएक्स’ चे उत्तर ‘ग्रेप’ मधून गाळले, तेव्हा एफएफएमपेगच्या आठ प्रोसेस चालू असल्याचे दिसले. अडचण अशी की त्याच खात्यावरून माझ्या सहकाऱ्याचीही अशीच एक स्क्रिप्ट चालू होती आणि त्या सरळसोट यादीत कोणती प्रोसेस कोणाची हे कळण्याची सोय नव्हती. कोणीतरी ‘पीएसट्री’ वापरायला सांगितले. त्यात माझ्या प्रोसेस १८७३ क्रमांकाच्या ‘सिस्टमडी’ (प्रोग्राम सुरू करून सांभाळणारी लिनक्समधील व्यवस्था) खाली लोंबकळताना दिसल्या. माझ्या स्क्रिप्टचा कुठे मागमूसही नव्हता. याच स्क्रिप्टवर हाच प्रयोग एसएसएचने जोडलेल्या दुसऱ्या यंत्रावर केला, तर तेथे मागे राहिलेल्या प्रोसेस १ क्रमांकाच्या ‘सिस्टमडी’ खाली गेल्या.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. चालू प्रोसेसची उतरंड नीट पाहण्याची पद्धत कोणती, पालक बदलला कसा, आणि पालक नाहीसा झाल्यानंतरही कोणती प्रोसेस मूळ कोणत्या स्क्रिप्टची होती हे खात्रीने कसे ओळखावे? सहकाऱ्याचे काम चुकून बंद पडू नये, म्हणून मी अद्याप एकाही प्रोसेसला हात लावलेला नाही.

उत्तर १

हात लावला नाहीत हे उत्तम केलेत. प्रथम पाहण्याच्या साधनांविषयी लिहितो. पालक का बदलला याविषयी माझ्यापेक्षा अधिक जाणणारे येथे आहेत.

‘पीएसट्री’ हा प्रोग्राम ‘पीएसमिस्क’ या पॅकेजमध्ये येतो. नुसता चालवला तर तो अतिशय संक्षिप्त चित्र काढतो: एकसारख्या फांद्या एकत्र करून त्यांच्यापुढे संख्या आणि तारा लिहितो आणि थ्रेडची (एकाच प्रोसेसच्या आत समांतर चालणाऱ्या कामांची) नावे महिरपी कंसात दाखवतो. त्यामुळे महिरपी कंसातील नाव म्हणजे वेगळी प्रोसेस नव्हे, हे लक्षात ठेवावे. नवखे वाचक येथे हमखास फसतात. ‘-पी’ हा पर्याय दिला की प्रत्येक नावापुढे पीआयडी येतो आणि फांद्या एकत्र करणे आपोआप बंद होते. ‘-ए’ ने कमांडचे अर्ग्युमेंट दिसतात, आणि तुमच्या बाबतीत कोणती प्रोसेस कोणत्या फाइलवर काम करत आहे हे कळण्यासाठी तेच सर्वांत उपयोगी पडतील. ‘-कॅपिटल टी’ ने थ्रेड लपवता येतात. एखाद्या प्रोसेसपासून वर, तिच्या पूर्वजांकडे जायचे असेल तर ‘पीएसट्री -एस -पी ४१३१’ असे लिहावे (४१३१ हा उदाहरणादाखल घेतलेला एका एफएफएमपेगचा पीआयडी). आणि खाली, तिच्या वंशजांकडे पाहायचे असेल तर ‘-एस’ वगळून केवळ क्रमांक द्यावा.

‘पीएस’ वापरूनही वृक्ष काढता येतो, आणि मला स्वतःला तोच मार्ग अधिक आवडतो, कारण त्यात हवे ते स्तंभ निवडता येतात. ‘पीएस -ईएफ --फॉरेस्ट’ किंवा ‘पीएस एयूएक्सएफ’ यांपैकी काहीही चालेल. येथे एक बारकावा आहे: डॅश न लावलेला ‘एफ’ वृक्ष काढतो आणि डॅश लावलेला ‘-एफ’ केवळ अधिक स्तंभ दाखवतो. ‘पीएस’ मध्ये पर्याय लिहिण्याच्या जुन्या युनिक्सच्या आणि बीएसडीच्या अशा दोन परंपरा एकत्र नांदत असल्यामुळे हा गोंधळ होतो. ओळी टर्मिनलच्या रुंदीला कापल्या जात असतील तर शेवटी ‘डब्ल्यूडब्ल्यू’ जोडावे.

वृक्ष काढल्यानंतर तो ‘ग्रेप’ मधून गाळू नये, असे मी आग्रहाने सांगेन. ‘ग्रेप’ ला ओळी कळतात, नाती कळत नाहीत. त्यामुळे पालकाची ओळ गळून जाते आणि उरलेल्या ओळींमधील रेघा भलत्याच ओळीशी जोडल्यासारख्या दिसतात. शिवाय स्तंभांची शीर्षके जातात आणि ‘ग्रेप’ स्वतःही यादीत येऊन बसतो. एका वापरकर्त्यापुरती यादी मर्यादित केली तरी असाच परिणाम होतो, कारण ज्यांचे पालक दुसऱ्या खात्यावर आहेत त्या प्रोसेस मुळाशीच उभ्या असल्याचा भास होतो.

सतत बदलणारे चित्र हवे असल्यास ‘टॉप’ मध्ये कॅपिटल व्ही दाबावे आणि ‘एचटॉप’ मध्ये एफ५ दाबावे.

उत्तर २

तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एकमेकांत गुंतलेले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

लिनक्समध्ये नवी प्रोसेस जन्माला येते ती ‘फोर्क’ ने, आणि त्या क्षणी कर्नल (प्रणालीचा गाभा) तिच्या नोंदीत पालकाचा क्रमांक, म्हणजे पीपीआयडी, लिहून ठेवतो. मात्र ही नोंद ‘सध्याचा पालक कोण’ एवढेच सांगते. ‘जन्म कोणी दिला’ याचा इतिहास कर्नल जपत नाही. प्रोसेस संपल्यावर तिचा निकाल ‘वेट’ करून उचलून नेणारा कोणीतरी असावा लागतो, नाहीतर तिची नोंद प्रोसेसच्या तक्त्यात झोम्बी म्हणून पडून राहते. म्हणून पालक आधी संपला तर त्याची अपत्ये कर्नल लगेच दुसऱ्याला दत्तक देतो. ‘पीएसट्री’ आणि ‘पीएस’ हे दोघेही ‘/प्रॉक’ (कर्नल चालू प्रोसेसची माहिती दाखवतो तो फोल्डर) मधील पीपीआयडी वाचूनच वृक्ष जोडतात, त्यामुळे त्यांना दत्तक गेल्यानंतरचेच घर दिसते. तुमच्या पडद्यावरचे चित्र खोटे नव्हते. ते विचारलेल्या प्रश्नापेक्षा वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देत होते.

आता दोन यंत्रांवर दोन वेगळे पालक का मिळाले ते पाहू. पूर्वी सर्व अनाथ प्रोसेस १ क्रमांकाकडे जात असत. लिनक्स ३.४ पासून एखाद्या प्रोसेसला ‘माझ्या वंशातील अनाथांना मी सांभाळीन’ असे कर्नलला सांगता येते. तिला सबरीपर म्हणतात. वापरकर्त्यासाठी चालणारा ‘सिस्टमडी --यूजर’ हा असा सबरीपर आहे. तुमच्या पहिल्या यंत्रावर टर्मिनलची खिडकी या १८७३ क्रमांकाच्या प्रोसेसच्या वंशातील होती, म्हणून अनाथ प्रोसेस सर्वांत जवळच्या सबरीपरकडे, म्हणजे तिच्याकडे, गेल्या. एसएसएचने जोडल्यावर मात्र तुमचा शेल ‘एसएसएचडी’ च्या वंशात असतो. त्या साखळीत ‘सिस्टमडी --यूजर’ येत नाही, त्यामुळे वर चढत गेल्यावर थेट १ क्रमांकच भेटतो. नाव एकच असले तरी ते दोन वेगळे ‘सिस्टमडी’ आहेत.

पालक बदलला तरी दोन गोष्टी बदलत नाहीत: प्रोसेस ग्रुपचा (एकत्र सिग्नल देता येणाऱ्या प्रोसेसच्या गटाचा) क्रमांक आणि सेशनचा (एका टर्मिनलमधून सुरू झालेल्या ग्रुपांच्या समूहाचा) क्रमांक, म्हणजे पीजीआयडी आणि एसआयडी. तुम्ही टर्मिनलमध्ये स्क्रिप्ट सुरू करता तेव्हा तुमचा शेल तिच्यासाठी नवा ग्रुप काढतो आणि त्या ग्रुपचा क्रमांक म्हणजेच स्क्रिप्टचा पीआयडी असतो. स्क्रिप्ट चालवणाऱ्या बॅशमध्ये जॉब कंट्रोल (प्रत्येक कामाला स्वतंत्र ग्रुप देण्याची सोय) बंद असते, त्यामुळे ती अँपरसँड लावून जे जे सुरू करते ते सर्व त्याच ग्रुपमध्ये राहते. म्हणून आज स्क्रिप्ट अस्तित्वात नसली तरी तिच्या मागे राहिलेल्या प्रोसेसच्या पीजीआयडीच्या स्तंभात ४१२० हाच क्रमांक असणार. यासाठी पुढील कमांड चालवावी:

‘पीएस -ईओ पीआयडी,पीपीआयडी,पीजीआयडी,एसआयडी,एलस्टार्ट,आर्ग्स --फॉरेस्ट’

‘एलस्टार्ट’ हा स्तंभ सुरू झाल्याची पूर्ण तारीख आणि वेळ देतो. शंका उरलीच तर त्यावरून पडताळा घेता येतो. ‘/प्रॉक/४१३१/सीडब्ल्यूडी’ ही लिंक पाहिली तर प्रोसेस कोणत्या फोल्डरमध्ये उभी आहे हेही कळते.

४१२० हा क्रमांक एव्हाना दुसऱ्याच कोणाला मिळाला असेल, अशी भीती वाटू शकते. ग्रुपमध्ये एक जरी प्रोसेस जिवंत असेल तरी कर्नल तो क्रमांक नव्या प्रोसेसला देत नाही, त्यामुळे तोपर्यंत ही खूण भरवशाची आहे. ग्रुप रिकामा झाल्यावर मात्र तो क्रमांक पुन्हा वापरात येऊ शकतो; म्हणून कुठेतरी लिहून ठेवलेला जुना क्रमांक पुन्हा न तपासता वापरू नये.

खात्री पटल्यावर ‘किल -टर्म -- -४१२०’ असे लिहिले की संपूर्ण ग्रुपला सिग्नल (येथे, थांबण्याची सूचना) जातो. क्रमांकापूर्वीचे वजाचे चिन्ह येथे निर्णायक आहे. तत्पूर्वी ‘पीग्रेप -ए -जी ४१२०’ चालवून यादी डोळ्यांखालून घालावी. ‘पीकिल -कॅपिटल पी ४१२०’ याचा तुम्हाला आता उपयोग नाही, कारण तो सध्याच्या अपत्यांना शोधतो आणि ४१२० ला आता अपत्येच नाहीत.

उत्तर ३

वरील दोन्ही उत्तरे लिनक्सपुरती बरोबर आहेत. हीच गरज दुसऱ्या प्रणालीवर पडली तर काय करावे, एवढीच भर घालतो. मॅकओएसच्या ‘पीएस’ मध्ये वृक्ष काढण्याची सोय नाही. तेथे ‘पीएसट्री’ वेगळे बसवावे लागते आणि १ क्रमांकावर ‘लाँचडी’ असते. फ्रीबीएसडीच्या ‘पीएस’ मध्ये ‘-डी’ हा पर्याय आहे, सोलॅरिसवर ‘पीट्री’ आहे. विंडोजवर पॉवरशेलमधून ‘विन३२_प्रोसेस’ विचारल्यास प्रत्येक प्रोसेसच्या पालकाचा क्रमांक मिळतो. परंतु तेथे दत्तक देण्याची पद्धतच नाही, त्यामुळे पालक संपल्यावर तोच क्रमांक तसाच राहतो आणि तो कालांतराने भलत्याच प्रोसेसचा असू शकतो. तेथे वृक्ष जोडताना पालकाची सुरू होण्याची वेळ अपत्याच्या आधीची आहे ना, हे पाहिलेच पाहिजे.

कंटेनरविषयीही (प्रोग्राम इतरांपासून अलग ठेवून चालवण्याच्या चौकटीविषयीही) एक गोष्ट. कंटेनरच्या आतून पाहिल्यास वंशावळ १ क्रमांकाच्या तुमच्याच प्रोग्रामपासून सुरू झालेली दिसते, आणि यजमान यंत्रावरून पाहिल्यास त्याच प्रोसेसना निराळे क्रमांक असतात. दोन्ही क्रमांकांची जोडी हवी असल्यास यजमानावरील ‘/प्रॉक/<पीआयडी>/स्टेटस’ या फाइलमधील ‘एनएसपीआयडी’ ची ओळ वाचावी.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

आपण तिघांनीही मनापासून लिहिलेत, आभारी आहे. पीजीआयडीचा स्तंभ समोर येताच चित्र स्पष्ट झाले. आठपैकी पाच प्रोसेस ४१२० च्या ग्रुपमध्ये होत्या आणि दोन सहकाऱ्याच्या ३९०२ च्या ग्रुपमध्ये. यादी त्याला दाखवली, त्याने दुजोरा दिला आणि मग मी ४१२० ला वजाचे चिन्ह लावून सिग्नल दिला. पाचही थांबल्या, त्याच्या दोन सुरळीत चालू राहिल्या.

परंतु आठवी अजूनही चालू आहे आणि तिचा हिशेब लागत नाही. तिच्याभोवतीच्या ओळी अशा आहेत:

पीआयडी / पीपीआयडी / पीजीआयडी / एसआयडी / कमांड
४१८८ / १८७३ / ४१८८ / ३६५५ / टाइमआउट
४१९० / ४१८८ / ४१८८ / ३६५५ / एफएफएमपेग

३६५५ हा माझ्याच टर्मिनलमधील शेलचा क्रमांक आहे, म्हणजे सेशन माझेच आहे. एक फाइल सदोष असल्यामुळे तिच्यावर काम अडकून पडू नये म्हणून स्क्रिप्टमध्ये त्या एकाच फाइलसाठी मी ‘टाइमआउट’ (ठरलेली मुदत संपल्यावर कमांड थांबवणारा प्रोग्राम) लावले होते. मग तिचा ग्रुप वेगळा कसा? आणि पुढच्या वेळी ही वेळच येऊ नये यासाठी स्क्रिप्टमध्ये काय बदल करावा?

उत्तर २ लिहिणाऱ्यांचा प्रतिसाद

ओळी दिल्यात हे फार बरे झाले. कारण त्यांतच आहे. मुदत संपल्यावर केवळ थेट अपत्यालाच नव्हे तर त्याच्या पुढच्या वंशजांनाही थांबवता यावे म्हणून ‘टाइमआउट’ सुरू होतानाच स्वतःला नव्या प्रोसेस ग्रुपचा प्रमुख करून घेते. म्हणून तिचा पीजीआयडी तिच्याच पीआयडीइतका आहे आणि ४१२० ला दिलेला सिग्नल तिच्यापर्यंत पोहोचला नाही. ४१८८ ला साधा ‘किल’ द्यावा. ‘टाइमआउट’ तो सिग्नल पुढे एफएफएमपेगला पोहोचवते. ‘--फोरग्राउंड’ या पर्यायाने नवा ग्रुप काढणे टाळता येते, परंतु मग मुदत संपल्यावर कमांडच्या अपत्यांना थांबवण्याची हमी राहत नाही.

हे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते, कारण माझ्या आधीच्या उत्तरात मी ग्रुपवर जरा जास्तच भिस्त ठेवली होती. पीपीआयडी पालक गेल्यावर बदलतो. पीजीआयडी प्रोसेसला स्वतःहून बदलता येतो. आणि ‘सेटएसआयडी’ करून सेशनही सोडता येते, पार्श्वभूमीत कायम चालणारे प्रोग्राम पूर्वापार हेच करत आले आहेत. म्हणून तपासताना तिन्ही स्तंभ शेजारीशेजारी ठेवून वाचावेत. तुमच्या बाबतीत पहिल्या दोन स्तंभांनी साथ सोडली तेव्हा एसआयडीने धागा हाती दिला. ‘पीग्रेप -ए -एस ३६५५’ ने त्या सेशनमधील सर्व प्रोसेसची यादी मिळते. तिच्यात तुमचा शेलही असेल, त्यामुळे त्या संपूर्ण यादीला सिग्नल देऊ नये.

ज्यातून प्रोसेसला फोर्क करून किंवा ‘सेटएसआयडी’ करून निसटता येत नाही अशी खूण म्हणजे कंट्रोल ग्रुप. सिस्टमडी प्रत्येक सेवेला स्वतंत्र कंट्रोल ग्रुप देते आणि अपत्ये जन्मतः त्याच ग्रुपमध्ये राहतात. ‘सिस्टमडी-सीजीएलएस’ ने त्यांची उतरंड पाहता येते, आणि ‘सिस्टमसीटीएल स्टेटस’ ला युनिटच्या (सिस्टमडी सांभाळते त्या सेवेच्या किंवा तत्सम घटकाच्या) नावाऐवजी पीआयडी दिला तर ती प्रोसेस कोणत्या युनिटची आहे हे कळते. कालच्या प्रकरणात याचा लाभ होईलच असे नव्हते, कारण तुमच्या आणि सहकाऱ्याच्या स्क्रिप्ट एकाच युनिटमध्ये नोंदल्या गेलेल्या असू शकतात. पुढच्या वेळी मात्र स्क्रिप्ट अशी सुरू करावी:

‘सिस्टमडी-रन --यूजर --सेम-डिर --युनिट=रूपांतर ./स्क्रिप्ट’

त्यानंतर ‘सिस्टमसीटीएल --यूजर स्टेटस रूपांतर’ ने केवळ तिचीच वंशावळ दिसेल, आणि ‘स्टॉप’ दिल्यावर ‘टाइमआउट’ सह संपूर्ण कंट्रोल ग्रुप थांबेल. ‘--सेम-डिर’ विसरल्यास स्क्रिप्ट होम फोल्डरमध्ये सुरू होईल आणि सापेक्ष मार्गाने लिहिलेल्या फाइल सापडणार नाहीत.

सिस्टमडीवर अवलंबून राहायचे नसेल तर स्क्रिप्टमध्येच ‘ट्रॅप’ (सिग्नल आल्यावर काय करावे याची सूचना) लावता येतो: टर्म सिग्नल आला की आधी तोच ट्रॅप काढून टाकावा आणि मग ‘किल ०’ करावे, शून्याचा अर्थ ‘माझा संपूर्ण ग्रुप’ असा होतो. मात्र यालाही मर्यादा आहेत. बॅश एखादी कमांड अग्रभागी चालवत असेल तर ती संपेपर्यंत ट्रॅप चालत नाही. तुमची स्क्रिप्ट ‘वेट’ वर थांबते, त्यामुळे तुम्हाला ही अडचण येणार नाही, कारण ‘वेट’ सिग्नल येताच परत फिरते. तसेच ही स्क्रिप्ट उद्या दुसऱ्या स्क्रिप्टमधून चालवली तर दोघींचा ग्रुप एकच असेल आणि ‘किल ०’ बोलावणाऱ्या स्क्रिप्टलाही थांबवेल. आणि ‘टाइमआउट’ चा ग्रुप वेगळाच राहणार असल्यामुळे तिचा पीआयडी सुरू करतानाच एका व्हेरिएबलमध्ये साठवून ट्रॅपमध्ये तिला स्वतंत्र सिग्नल द्यावा लागेल.

उत्तर १ लिहिणाऱ्यांची पुरवणी

एक बाब राहून गेली होती. काही जण अशा वेळी कंट्रोल-सी पुरेसे आहे असे सुचवतात. कंट्रोल-सीने टर्मिनलच्या अग्रभागी असलेल्या संपूर्ण ग्रुपला इंट (काम मध्येच तोडण्याचा) सिग्नल जातो हे खरे, पण जॉब कंट्रोल बंद असलेला बॅश अँपरसँड लावलेल्या कमांडना इंट दुर्लक्षित ठेवूनच सुरू करतो. एफएफएमपेगसारखे जे प्रोग्राम इंटसाठी स्वतःची व्यवस्था बसवतात ते थांबतात. ‘स्लीप’ सारखे साधे प्रोग्राम थांबत नाहीत. त्यामुळे कंट्रोल-सीनंतरही ‘पीग्रेप -ए -जी’ चालवून ग्रुप रिकामा झाला आहे का ते पाहावे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

४१८८ ला ‘किल’ दिला आणि एफएफएमपेगही तिच्यासह थांबली. ३६५५ च्या सेशनमध्ये आता फक्त शेल उरला आहे. ‘सिस्टमडी-रन’ ने स्क्रिप्ट पुन्हा सुरू केली, मुद्दाम अर्ध्यावर ‘स्टॉप’ दिला आणि वृक्ष पाहिला. ‘टाइमआउट’ असलेली फाइल धरून एकही प्रोसेस मागे राहिली नाही.